पिठाचा कोंबडा आणि प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर



चातुर्मासात मी दरवर्षी एखादा नियम घेते आणि त्याबद्दल इथे लिहिते. यंदा नियमाशिवाय आणखी एक काम हातून झालं. देवळात सांगितलं तेव्हा दोघी हसल्या आणि एकीने कपाळाला हात लावला. मी नातवाबरोबर सैन्याचं हेलिकॉप्टर तयार केलं. प्लॅस्टिकचं, सुटे भाग जोडून.

नातू बारा वर्षांचा. त्याच्या मामाने वाढदिवसाला किट दिलं. खोक्यावर मोठं चित्र, एमआय-१७. रशियन बनावटीचं, आपल्या हवाई दलात बरीच वर्षं आहे. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही बसाल का याच्याबरोबर? निदान मोबाइल तरी सुटेल." आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात. त्यानंतरचा वेळ मोकळाच असतो. बसले.

आत दोनशेच्या वर भाग होते. सगळे प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेले, प्रत्येकाला नंबर. मी बी.कॉम.ची, तीस वर्षं दुकानाची वही लिहिलेली. आधी सगळ्या नंबरांची यादी केली आणि बँकेचा मेळ घालावा तशी एकेक खूण केली. नातवाला कंटाळा आला, पण पुढे एक दार सापडेना तेव्हा ती यादीच कामी आली. ते त्याच्या दप्तरात निघालं.

प्रमाण होतं एकास बहात्तर. खऱ्या हेलिकॉप्टरच्या वरच्या पंख्याचा व्यास सुमारे २१.३ मीटर. भागिले ७२ केलं की साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढा. मी पाच फूट, म्हणजे त्या मापात दोन सेंटिमीटरची. नातू म्हणाला, "आज्जी, तू काबुली चण्यापेक्षा जरा मोठी." खरं हेलिकॉप्टर चोवीस माणसं किंवा चार टन माल नेतं. आमचं हार्डवेअरचं दुकान, म्हणून मी ते सिमेंटच्या पोत्यांत मोजलं. ऐंशी पोती.

आपल्या दृष्टीने दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण तुमच्याही घरी नातवंडं आहेत. रंगाचे ब्रश घेताना विचारून घ्या. बरेच ब्रश जनावरांच्या केसांचे असतात. आम्ही नायलॉनचे घेतले. गोंदाची मला काळजी होती, कारण पूर्वी सुतार वापरायचे तो सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा असे. या कामाचा गोंद तसा नाही. तो रसायन आहे, प्लॅस्टिक जरासं विरघळवून दोन भाग एकजीव करतो. वास मात्र उग्र, खिडकी उघडी हवी. काचेच्या भागांना झटपट चिकटणारा गोंद लावू नका. आम्ही लावला आणि वैमानिकाची समोरची काच दुधासारखी धुरकट झाली. बाकीच्या काचा साध्या पांढऱ्या गोंदाने बसवल्या. तो वाळल्यावर दिसत नाही.

सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी नातवाने चार नळकांडी कापून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येकाच्या तोंडाला बत्तीस बारीक छिद्रं.

"हे काय रे?"

"रॉकेट, आज्जी. दोन्ही बाजूंना लागतात."

माझा हात थांबला. पाठशाळेत आपण अनर्थदंड शिकलो आहोत. त्याच्या पाच प्रकारांत एक हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. हे तर प्लॅस्टिक, कोणाला लागणार? पण लगेच यशोधर राजाची कथा आठवली. त्याने खरा जीव मारलाच नव्हता, पिठाचा कोंबडा करून बळी दिला होता. तरी भाव मारण्याचा होता, म्हणून किती जन्म भोगावे लागले! आणि त्या कथेत राजाला गळ घालणारी कोण? त्याची आई. मैत्रिणींनो, ते आठवलं आणि मी उठून आत गेले. नातवाला वाटलं, आज्जीचे गुडघे दुखतात. कारण वेगळं होतं.

आमचा मुलगा बारावीत होता तेव्हा त्याने एनडीएची परीक्षा दिली होती. त्याला वैमानिक व्हायचं होतं. लेखी पास झाला. १९९९ च्या सुरुवातीला मुलाखतीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. मी गल्ल्याशेजारी वही लिहीत बसले होते. मामंजींनी पाकीट पाहिलं आणि म्हणाले, "आपल्यात शस्त्र धरत नाहीत. कपाटात ठेव." मी जुन्या खतावणीत ठेवलं. आठवड्याने मुलाने विचारलं, "आई, पत्र आलं का गं?" मी म्हणाले, "नाही."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. पुढे मामंजी गेले, खतावणी रद्दीत गेली, मुलगा दुकानात बसला. चांगला बसला, माझी काही तक्रार नाही. त्याच वर्षी २८ मे रोजी कारगिलच्या तोलोलिंगवर आपलं एक एमआय-१७ क्षेपणास्त्र लागून पडलं, त्यातले चौघे वीरगतीला गेले. टीव्हीवर बातमी पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला, 'बरं झालं, आपला नाही गेला.' दुसरा विचार आला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. त्या चौघांनाही आया होत्याच की.

आणि आपल्यात शस्त्र धरत नाहीत, हे तरी खरं आहे का? श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय गंगांचा सेनापती होता. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची असते. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी हिंसा, ती श्रावकाला पूर्ण सुटत नाही, असं शास्त्रच सांगतं. मामंजींना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला वाटतं, ते नातवाच्या जिवाला भीत होते आणि धर्माचं नाव पुढे करत होते. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी नातवाला विचारलं, "तुला हे हेलिकॉप्टर कुठे उडवायचंय?" त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "पुरात." सांगली-कोल्हापूरकडच्या लेकराला पूर सांगावा लागत नाही. २०१९ ला तो लहान होता, पण पाणी दाराशी आलेलं त्याला आठवतं. मग मी त्याला २०१३ च्या केदारनाथची गोष्ट सांगितली. शेजारच्या काकू तेव्हा चारधामला गेल्या होत्या आणि हेलिकॉप्टरने सुखरूप खाली आल्या. त्याच बचावकार्यात २५ जूनला एक एमआय-१७ कोसळलं आणि त्यातले वीसही जण गेले. नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने ती नळकांडी माझ्या जुन्या कुंकवाच्या डबीत टाकली. "पुरात रॉकेटचं वजन कशाला? तेवढी माणसं जास्त बसतील." मी काही शिकवलं नव्हतं, हा त्याचाच हिशेब.

हिंसा मात्र टळली नाही. श्रावणातली रात्र, दिवा लावून आम्ही हिरवा रंग देत होतो. सकाळी पाहिलं तर शेपटीवर ओल्या रंगात एक चिलट चिकटून मेलेलं. रॉकेटवर एवढा विचार करणारी मी, उघड्या खिडकीशी दिव्याखाली ओला रंग ठेवून झोपायला गेले होते. सगळ्या कामात खरा जीव गेला तो एवढाच, आणि तो माझ्या प्रमादाने. त्या दिवशी मी तूप-दूध सोडलं आणि माळ जपली. त्यानंतर रंगकाम फक्त दिवसा.

शेवटी हेलिकॉप्टर चाकांवर उभं केलं तर ते शेपटीवर बसू लागलं, मागचा भाग जड. मुलगा दुकानातून आला, पाहिलं, काही न बोलता खिशातून चार नट काढून नाकाच्या पोकळीत चिकटवले. मग म्हणाला, "शेपटीचा पंखा चुकीच्या बाजूला लावलाय. उजवीकडे एमआय-८ ला असतो. एमआय-१७ ला डावीकडे."

नातवाने छापून आणलेला फोटो एमआय-८ चाच होता. सव्वीस वर्षांत माझ्या मुलाने घरात कधी विमानाचा विषय काढला नव्हता. पंखा कुठल्या बाजूला, हे मात्र त्याला पाठ होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

दशलक्षण झालं, क्षमावाणीचा दिवस आला. दरवर्षी मी सगळ्यांना हात जोडून क्षमा मागते, त्यालाही. पण कशाची, ते कधी सांगितलं नव्हतं. खाली काहीच न लिहिता सही केल्यासारखी ती क्षमा. या वेळी देवळातून आल्यावर तो एकटा हेलिकॉप्टरवर तिरंगी वर्तुळं चिकटवत होता. बाहेर केशरी, आत पांढरं, मधे हिरवं. कोमट पाण्यात भिजवून ती अलगद सरकवावी लागतात. मी समोर बसले आणि सांगितलं. पत्र आलं होतं. मी ठेवलं. मी नाही म्हणाले.

त्याने वर्तुळ नीट बसवलं, रुमालाने पाणी टिपलं. मग म्हणाला, "आई, मला तेव्हाच कळलं होतं. पोस्टमनकाका चौकात भेटले होते."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू पुन्हा कधी खोटं बोलली नाहीस. मला वाटलं, तुलाच जड जात असेल."

त्याने मला क्षमा केली का, हे मी विचारलं नाही. त्याने दुसरं वर्तुळ पाण्यात टाकलं आणि माझ्याकडे चिमटा दिला. "हे तू लाव." माझा हात थरथरत होता, ते जरा तिरकं बसलंय. त्याने सरळ केलं नाही.

हेलिकॉप्टर आता दिवाणखान्यात आहे. समोरची काच धुरकट, एक वर्तुळ तिरकं. डबी माझ्या कपाटात आहे. नातू हल्ली म्हणतो, मोठेपणी हेच चालवणार. अजून बारा वर्षांचा आहे, उद्या आणखी काही म्हणेल. पण या घरात कोणाचंही पत्र आलं तर ते ज्याचं त्याच्या हातात जाईल, हा माझा यंदाचा नियम. तो चातुर्मासापुरता नाही.

तुमच्याही एखाद्या खतावणीत काही राहिलं असेल, तर पुढच्या क्षमावाणीची वाट पाहू नका.

जय जिनेंद्र.