तापकीर गल्लीची वारी
1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली आणि गावात यंत्रयुग अवतरले. आमच्या घरात ते आणले चिरंजीवांच्या संगणकाने! दहा वर्षांचे ते यंत्र हल्ली खेळ उघडताना दमेकऱ्यासारखी धाप टाकी.

‘‘भंगारात टाक, मी नवा घेतो,’’ मी पगार विसरून म्हणालो.

‘‘नको बाबा. माझ्याकडे शिकवण्यांचे सहा हजार आहेत.’’

मेट्रोने मंडई गाठून आम्ही पायीच तापकीर गल्लीत शिरलो. दिवाळीच्या माळा, वायरींची भेंडोळी आणि ही गर्दी!

‘‘पॉवर सप्लाय किती वॅटचा?’’ दुकानदाराने आधी विचारले. चिरंजीवांनी आकडा सांगताच तो म्हणाला, ‘‘मग मोठं ग्राफिक्स कार्ड नको, त्याला वीज पुरायची नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घाला, रॅम वाढवा. खेळ लवकर उघडतील. चित्रं मात्र आहेत तशीच दिसतील.’’

चिरंजीवांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, ‘‘चालेल.’’

उरलेल्या पैशांतून त्याने मला चहा पाजला. रात्री खेळ झटकन उघडला म्हणे. मी मात्र मुलाच्या कमाईच्या त्या पहिल्या चहाची चव घोळवीत बसलो होतो.