भरलेल्या कॅसेटी

सी-साठ आणि सी-नव्वद. साठची फीत जाड, दमाची. नव्वदची पातळ, पटकन गुंतणारी. पण भजनाचा जागर रात्रभर चालायचा, सारखी बाजू उलटायला कुणी उठायचं नाही, म्हणून नव्वदच लावली जायची. कर्नाटकातल्या भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या घरांत लांबलचक जागर असे पातळ फितीवर राहिले आहेत.

कॅसेट भरून देणारं दुकान. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात.

टेपमधला रबरी पट्टा. वर्षानुवर्षं यंत्र बंद राहिलं की तो डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. पट्टा बदलता येतो. बदलणारा माणूस शोधावा लागतो. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली. २०१९ मध्ये युनेस्कोने इशारा दिला, की २०२५च्या सुमारास फिती वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग मिळणं कठीण होईल. ते साल येऊन गेलं.

फितीमागची इवलीशी नमद्याची गादी. ती फितीला हेडवर दाबून धरते. डिंक सुकला की गळून पडते आणि आवाज एकदम दूर गेल्यासारखा होतो. घरचे म्हणतात, कॅसेट गेली. गेलेली नसते. दुसऱ्या कॅसेटची गादी काढून बसवता येते.

पाठीवरचं लेबल. एका बाजूला मराठी अक्षर, दुसऱ्या बाजूला कन्नड, कधी उर्दूही. शाई उडते. मग आवाज ओळखणारं माणूस लागतं, आणि ते माणूस कॅसेटीच्या आधी जातं. म्हणून लेबलाचा फोटो पहिल्यांदा काढावा, आणि कॅसेट वाजत असताना घरातल्या वयस्कांना जवळ बसवून नावं विचारून घ्यावीत.

संत माणिकप्रभूंच्या पदांच्या चाली. माणिकनगरला पदं पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूतही. पदं पुस्तकात छापून झाली. एखाद्या म्हाताऱ्या गळ्यातली हरकत, तो गळा कुठे श्वास घेत होता, हे मात्र छापील ओळीत उतरत नाही.

जात्यावरचा गळा. मला सगळ्यात जास्त हुरहूर याची लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी बायकांच्या जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्यासोबत १९९५पासून त्यातल्या सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि आज त्यातल्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. केवढं मोठं काम! या संग्रहातली गावं महाराष्ट्रातली १,१०७, कर्नाटकातली ११. १९५६ला बिदर जिल्हा तोडला गेला, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, भालकी-औराद इकडे, आजच्या कर्नाटकात राहिले. ओवी मात्र दोन्हीकडे एकच होती. इकडच्या बायकांचा तो हेल, मध्येच येणारा कन्नड शब्द, उर्दू लहेजा, कुठल्या घरातल्या कॅसेटीवर असेल तर असेल.

उतरवणं, म्हणजे कॅसेटीतला आवाज संगणकावर घेणं. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कॅसेटीला कलबुर्गीचा मे महिना सोसत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, डबी वाकते. पावसाळ्यात बुरशी धरते. गंजाच्या रंगाची पूड हेडवर दिसली, की कॅसेट लगेच थांबवून हेड पुसायचं. फास्ट फॉरवर्ड अजिबात नको. हेडचा कोन त्या त्या कॅसेटीनुसार नीट जुळवून घ्यायचा, म्हणजे बसलेला आवाज मोकळा होतो. मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइलमध्ये. व्हॉट्‌सअॅपवर पाठवायची ती वेगळी. खरखर काढून टाकण्याची घाई करू नये. खरखरीसोबत मागचा कोंबडा जातो, पाण्याची मोटर जाते, ‘अगं, हळू’ म्हणणारी शेजारीण जाते.

मागच्या कडेच्या दोन खिट्ट्या. एकेका बाजूची एक. मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. किती अभंगांवर नंतर सिनेमाची गाणी भरली गेली, त्याचा हिशेब नाही. उतरवायला काढलेल्या कॅसेटीच्या दोन्ही खिट्ट्या आधी मोडायच्या, मग ती टेपमध्ये घालायची.