हौद्यातली रात्र

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. एकाच उर्दू शाळेत शिकवतो, दोघांचंही बी.एड. झालेलं. घरात अब्बा, अम्मी आणि तिसरीतली गुडिया. सासू-सासरे हे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही, अब्बा-अम्मी दोघांचेही अब्बा-अम्मीच. गाव नगर. 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडून नगरच निघतं.

अब्बांनी तीस वर्षांहून जास्त ट्रक चालवला. टाटाचा 1210. नगर, घोडेगावचा कांदा भरायचा आणि धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायचा. ऐन थंडीत कांद्याचा मोसम, म्हणून थंडीत अब्बा घरी नसत. एवढ्या वर्षांत अम्मी एकदाही त्या ट्रकमध्ये बसल्या नाहीत. बाईमाणूस ट्रकमध्ये कशाला, असा तो काळ. अब्बा घरी बसल्यावर एका संध्याकाळी चहा पिताना अम्मी सहज बोलून गेल्या, "तुम इत्ते साल रातों कू कां सोते थे, मैं कब्बी देखी नै."

अब्बा हसले आणि पेपर उघडून बसले. आम्हाला मात्र ते वाक्य लागून राहिलं. ट्रक केव्हाच विकला गेला होता. पण एखादी गाडी घेऊन थंडीत दोन-चार रात्री बाहेर झोपायला काय हरकत आहे, असं मनात आलं. अम्मींचे गुडघे कामातून गेलेले. लॉजचे जिने त्यांना चढवत नाहीत, रात्री तीनदा उठावं लागतं. आपलीच गाडी, आपलंच अंथरूण असलं तर त्या येतील, एवढा साधा हिशेब.

गाडी कोणती घ्यायची यावर आमच्यात दोन महिने खल चालला. तयार कॅरॅव्हॅन भाड्याने घ्याव्यात तर ते भाडं मास्तरांच्या पगारात बसेना. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते आम्ही हौसेने वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. मग पिकअप पाहिल्या. त्यांचा हौदा चांगला लांब, माणूस ऐसपैस आडवा होईल असा. पण पुढे ड्रायव्हरशेजारी फार तर दोघं. बाकीच्यांना मागे हौद्यात बसवून न्यायचं म्हणजे कायद्याविरुद्ध, आणि अब्बांच्या उसुलाविरुद्धही. "माल की जगा पे माल, आदमी की जगा पे आदमी," हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. एका गॅरेजवाल्याने हौद्यावर पत्र्याची पक्की खोलीच वेल्ड करून देण्याची तयारी दाखवली. गाडीच्या मूळ बांधणीत कंपनीच्या नमुन्याबाहेरचा बदल करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्येच सांगितलेलं आहे. आम्ही त्याला सलाम केला आणि निघालो.

शेवटी नेवाशाकडून एक जुनी बोलेरो कॅम्पर घेतली. नाव कॅम्पर असलं तरी ती काही झोपायची गाडी नव्हे. आपल्याकडे ती बांधकामावर, वीजमंडळाच्या कामावर दिसते. दुहेरी केबिन, पाच माणसं बसतात आणि मागे आखूड हौदा. पाच माणसं, हाच आमचा मुख्य मुद्दा. अडचण हौद्याची. लांबी जेमतेम पाच फूट, गुडिया सोडली तर कुणाचेच पाय मावेनात. तोड अब्बांनीच काढली. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा पाडायचा, खाली दोन लाकडी टेकू द्यायचे आणि वर फळ्या टाकायच्या. झाली की पाय पसरायला जागा! कमानी खाचांत बसणाऱ्या, वर ताडपत्रीचं हूड. वेल्डिंग नाही की भोक पाडणं नाही. सोमवारी सगळं उतरवलं की गाडी होती तशी. हौद्याला कांद्याचा वास होता, तो तीनदा धुऊनही गेला नाही. अब्बांना त्याचं काहीच वाटलं नाही.

बाकी तयारी आम्ही आमच्या अकलेने केली. दोन गाद्या, चार रजया, पाणी तापवायला पाच किलोचं सिलिंडर, अम्मींसाठी मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची, बादली आणि आडोशाला कापड. या खुर्चीचं हसू येईल, पण ती नसती तर अम्मी आल्याच नसत्या. आणि एक शेगडी घेतली. थंडी म्हणजे शेगडी, यात विचार करण्यासारखं आम्हाला काही वाटलंच नाही.

डिसेंबर 2023 मधल्या एका शनिवारी निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग भंडारदरा. लोणीच्या अलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. एक बाई कोपीत पाचटाचा हातभर थर पसरत होती, त्यावर पोतं टाकत होती. अब्बांनी गाडी हळू करायला लावली. म्हणाले, "देखो, ओढने का बाद में, पहले बिछाने का देखते." आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. वर्गात पोरं आमचं ऐकून विसरतात, अगदी तसं.

भंडारदरा हा आपल्या जिल्ह्यातला थंडीचा मुलूख. वर कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. खाली प्रवरा अडवून इंग्रजांनी बांधलेलं, 1926 साली पुरं झालेलं धरण. पाणी दिसावं म्हणून आम्ही गाडी अगदी काठाजवळच्या सखल जागेत लावली. अब्बा म्हणाले, वर लावा, गार हवा पाण्यासारखी खाली उतरते. पण गुडियाला पाणी हवं होतं.

अब्बा केबिनमध्येच झोपणार, हे ठरलेलंच. त्यांच्याबरोबर आमच्यातला एक. हौद्यात अम्मी, गुडिया आणि आमच्यातली दुसरी. अकराच्या सुमाराला थंडी हाडात शिरली. गाद्यांखालून पत्रा बर्फासारखा लागत होता, अंगावर दोन रजया असून पाठ गारच. बाहेरच्या शेगडीतले कोळसे विझत आले होते. धूर नव्हता, ज्वाळ नव्हती, नुसती लाल ऊब. ती शेगडी आम्ही उचलून हौद्यात कोपऱ्यात ठेवली आणि वारा येऊ नये म्हणून हूड चारी बाजूंनी दोरीने करकचून बांधलं. बांधणारे आम्ही दोघंही होतो, हे लिहून ठेवतो.

आम्ही आठवीला विज्ञान शिकवतो. कोळसा कोंडलेल्या जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने धरून ठेवतं. हे दर वर्षी फळ्यावर लिहितो, परीक्षेत विचारतो.

पहाटे तीन-साडेतीनला अब्बा जुन्या सवयीने उठले, खाली उतरले आणि त्यांना हूड बंद दिसलं. त्यांनी हाक मारली नाही. खिशातल्या चाकूने सरळ दोरी कापली. अम्मी जाग्या होत्या, पण डोकं इतकं जड की उठता येईना. त्यांना उलटी झाली. हौद्यात झोपलेल्या आमच्यातलीला आपण कुठे आहोत हे समजायला वेळ लागला. गुडिया हलवून हलवून उठेना. अब्बांनी तिला उचललं, मोकळ्या वाऱ्यात आणलं, तोंडावर पाणी मारलं. ती रडली. ते रडणं ऐकून आम्ही दोघंही मटकन खाली बसलो.

जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिघींना ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत तिघी ठीक. परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. अब्बाही नाही, आणि तेच जास्त जड गेलं. संगमनेरला चहासाठी थांबलो तेव्हा एवढंच म्हणाले, "ग्वालियर के पास दो किलीनर ऐसेच गए थे. सुबू दरवाजा खोले तो खतम. घर में बताया नै मैं." त्यांना ते माहीत होतं. आम्हालाही पुस्तकातून माहीत होतं. पण निघताना शेगडी गाडीत चढवली, तेव्हा ती ते बाहेर हात शेकायची समजले आणि आम्ही थंडीची दवा.

गाडी विकायची, असं आमचं ठरलं. अम्मींनी विकू दिली नाही. "गाडी का कसूर क्या है?"

मग पुढचं वर्षभर अब्बा सांगतील तसं केलं. पत्र्यावर फोमची शीट, वर प्लायवूड, त्यावर धनगराकडून घेतलेली जाड घोंगडी आणि मग गादी. पाचट पसरणारी ती बाई बरोबर होती. अंगाखालची गादी दबते, तिच्यातली हवा जाते आणि पत्रा ऊब ओढून घेतो, मग वर कितीही पांघरा. हुडाला दोन झरोके ठेवले, एक पुढे वर आणि एक फाळक्याकडे खाली, बंद करताच येणार नाहीत असे. माणसाच्या श्वासातलं पाणी रात्री हुडाला आतून धरतं आणि पहाटे अंगावर टिपकतं. अंथरूण ओलं झालं की थंडी दुप्पट. म्हणजे भोक ठेवावं तर गार लागतं आणि ठेवलं नाही तर भिजायला होतं. पण कोरडं राहिलं की गार हवा सोसते. केबिनची काचसुद्धा दोन बोटं उघडी. आग बाहेर, चहा बाहेर, गाडी सुरू ठेवून हीटर लावायचा नाही. अम्मींच्या गुडघ्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी, कानटोप्या सगळ्यांना. कार्बन मोनॉक्साइड ओळखून शिट्टी मारणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते मागवलं. वर्गात नेऊन आठवीच्या पोरांना दाखवलं आणि ते का घ्यावं लागलं तेही सांगितलं. सांगताना आवाज नीट राहिला नाही. पोरं नेहमीपेक्षा गप्प होती.

थर्मास मात्र आमच्या हौसेचा. इथल्याच किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझाद पहाटे उठून आपल्या हाताने चहा करून घेत. त्याचं वर्णन 'गुबार-ए-खातिर'मध्ये आहे. आमच्या चहात साखर आणि दूध दोन्ही भरपूर असतं, मौलानांना तो चाललाच नसता.

जानेवारी 2025 मध्ये पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. गाडी वरच्या अंगाला लावली, चाकांना दगड, तोंड पूर्वेला. का, ते अब्बांनी सांगितलं. सकाळचं पहिलं ऊन समोरच्या काचेवर पडलं की केबिन लवकर तापते. रात्री नाक गार पडत होतं, पाठ ऊबदार होती. बाराच्या सुमाराला अम्मी कुरकुरल्या, वरचा झरोका नुसता कापडाने झाका म्हणाल्या. केबिनमधून अब्बांचा आवाज आला, "नक्को." अम्मींनी रजई डोक्यावरून ओढली, मग आठवण होऊन तोंड बाहेर काढलं.

आम्हाला झोप अशी लागली नाहीच. दर तासाला गुडियाचा हात हलवून पाहत होतो. चौथ्यांदा ती वैतागली, "सोने दो ना!"

उजाडताना अम्मी काठी टेकत पुढे गेल्या. केबिनचं दार उघडून क्लीनरच्या जागेवर बसल्या. अब्बा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. आम्ही थर्मास घेऊन खिडकीपाशी उभे राहिलो.

"ऐसाच सोते थे?" अम्मींनी विचारलं.

"ऐसाच. बाजू में किलीनर."

"पाँव कां रखते थे?"

अब्बांनी पाय वर घेतले, दाराला टेकवून दाखवले. गुडघे पोटाशी आले. अम्मी बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिल्या. काच आतून धुरकट झाली होती, अब्बांनी ती रुमालाने त्यांच्या बाजूला पुसून दिली.