गोळी पोचते तेव्हा

आमच्या ग्वाल्हेरच्या आजीच्या लहानपणी शिकारीच्या गोष्टी घरोघरी चालत. शिवपुरीचं जंगल म्हणजे तेव्हा शिंदे सरकारची राखीव शिकारगाह. आता ते माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1972 च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषयच संपला. त्यामुळे मी कोलोरॅडोत सहकाऱ्याबरोबर एल्कच्या शिकारीला निघालोय हे फोनवर ऐकून आजी एवढंच म्हणाली, "मारायचंच आहे, मग त्यात अभ्यास कसला करतोयस?"

शिकारीचा परवाना सहकाऱ्याचा होता. ते साठीचे, लहानपणापासून डोंगरात हिंडलेले. मी दुर्बीण आणि ओझं सांभाळणार होतो. पण इंजिनिअरला आकडे दिसले की हात शिवशिवतात. त्यांच्या .308 रायफलसाठी मी दहा-बारा गोळ्यांचा तक्ता केला आणि हवेचा अडथळा सर्वांत कमी होणारी, नेमबाजीच्या स्पर्धेतली गोळी पहिल्या क्रमांकावर ठेवली.

त्यांनी तक्ता पाहून विचारलं, "ही एल्कपर्यंत पोचते, हे कळलं. पोचल्यावर काय करते?"

माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

स्पर्धेतली गोळी कागदाला भोक पाडण्यासाठी बनवलेली असते. एल्कचा नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. त्याच्या खांद्याच्या हाडावर अशी गोळी फुटून वरच्यावर थांबू शकते; किंवा लांबून वेग कमी होऊन आली तर न पसरताच बारीक भोक पाडून निघून जाते. दोन्ही वेळा जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी दरीत तासन् तास तडफडतं. 1946 मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर वरच्यावरच फुटल्या. त्या अनुभवातून त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत जातो. कोलोरॅडोचा नियमही एल्कसाठी किमान 85 ग्रेन वजनाची, आघातानंतर पसरणारी गोळी मागतो.

आम्ही शेवटी 165 ग्रेनची, अख्खी तांब्याची गोळी घेतली. शिशाचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मांस त्यांची नातवंडं खाणार होती. गिधाडांसारखे पक्षी उरलेली आतडी खाऊन त्याच शिशाने मरतात, म्हणून कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. पण तांबं शिशापेक्षा कडक. आमची गोळी नीट पसरायला सेकंदाला साधारण 610 मीटर वेग हवा होता. नळीतून ती 820 ने सुटते. तीन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेचा फायदा धरूनही हिशेब 400 मीटरवर संपत होता. तीच आमची हद्द ठरली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या उतारावर एल्क उभा राहिला. मी अंतर मोजलं, 460 मीटर. "गोळी किती खाली येईल ते तक्त्यात आहे, सांगू का?" मी कुजबुजलो.

"वेग किती राहील?"

"580."

शिवाय गोळीला तिथवर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागणार होता. तेवढ्यात एल्कने एक पाऊल टाकलं तरी नेम पोटात गेला असता. जवळ सरकायला मध्ये आडोसा नव्हता. त्यांनी रायफल खाली ठेवली. एल्क दहा मिनिटं चरला आणि रानात शिरला. खरं सांगायचं तर, तेव्हा मला वाईटच वाटलं. तीन दिवस बर्फात चालून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

घरी येऊन आजीला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अभ्यास त्यासाठी होता होय!"

त्या तक्त्यात आता गोळी पोचतानाच्या वेगाचा रकाना सगळ्यात पहिला आहे.