राणीची चाल

मैत्रिणींनो, कुत्रं जिना चढायला कुरकुरू लागलं की आपण म्हणतो, "वय झालं हो आता!" आमच्या सासूबाईही तेच म्हणाल्या. पण आमची राणी जातीची लॅब्रेडॉर आणि वय अवघं पाच. पाचव्या वर्षी कसलं म्हातारपण?

दुखलं म्हणून कुत्रं केकाटेलच असं नाही. पण चाल सांगते. उठताना आधी पुढचा भाग उचलायचा, मग मागचा कष्टानं ओढायचा. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचे. ही खुब्याची लक्षणं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सांधा घासत राहतो. लॅब्रेडॉर, अल्सेशियन अशा मोठ्या जातींत हे पुष्कळदा आनुवंशिक असतं, आणि लाडानं वाढवलेलं वजन त्यात भर घालतं. (राणीला तूप-पोळी कोण भरवतं, ते मी सांगत नाही!)

मणक्याचं दुखणं वेगळं. पाठीला बाक येतो, उचलून घेतलं की कुत्रं कळवळतं, मागच्या पंजाची नखं फरशीवर घासतात. बुटक्या, लांब पाठीच्या डॅशहुंडला मणक्यातली चकती सरकण्याचा धोका अधिक. मागचे पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर गाठा.

शेजारच्या वहिनींनी सुचवलं, "कायरोप्रॅक्टिक करून बघा ना, नुसत्या हातानं पाठ मोकळी करतात." डॅनियल पामर यांनी ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत माणसांसाठी सुरू केली, पुढे काही पशुवैद्यही ती शिकले. मी मात्र हट्टच धरला, आधी एक्स-रे, मग कुणाचा हात! चकती सरकलेली असताना झटका बसला तर कुत्रं कायमचं अधू व्हायचं. आणि उथळ खोबण काही दाबून खोल होत नाही. या उपचारानं गुण येतो याला पुरावाही अजून तोकडाच आहे. करायचाच तर त्याचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून. हाडवैद्याकडे तर मुळीच नाही.

राणीचा खुबाच निघाला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, दुखण्यावर तिच्यापुरतं औषध दिलं. आपल्या डब्यातल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या, हे मुलांनाही बजावून ठेवा. गुळगुळीत फरशीवर मी जुन्या सतरंज्या अंथरल्या. जिन्यापाशी धाकटा तिच्या पोटाखालून टॉवेलची झोळी धरतो. तूप-पोळी बंद झाली आहे; सासूबाई हल्ली गाजराचे तुकडे भरवतात, मी शाळेतून यायच्या आत.