बर्मिंगहॅमचे भरतवाक्य

निवृत्त झालेल्या मनुष्याने पुन्हा आपल्या जुन्या गादीवर येऊन बसावे काय, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वीच निकालात काढला आहे. एका आश्रमातून पुढच्या आश्रमात जावयाचे. मागे परतावयाचे नाही. संन्यासाची पायरी चढून पुन्हा खाली उतरणाऱ्यास त्यांनी ‘आरूढपतित’ असे नाव दिले, आणि त्या नावातच निर्णय आला. परंतु ज्यांनी संन्यास कधी घेतलाच नाही, जे केवळ आपसांत भांडून अथवा थकून रंगभूमीवरून खाली उतरले, अशा कलावंतांस हा नियम लावावा काय? पाश्चात्य देशांत ज्यांस रॉक बँड म्हणतात, त्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या मंडळ्या अलीकडे साठी-सत्तरी उलटल्यावर पुन्हा एकत्र येऊन जलसे करू लागल्या आहेत. कोणी त्यास द्रव्यलोभ म्हणतो, कोणी सरलेले तारुण्य ओढून आणण्याचा हट्ट म्हणतो. २०२५च्या सप्टेंबर महिन्यात इंग्लंडात असता बर्मिंगहॅम शहरी दोन दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील रस्ते पायांखाली घालीत असता ह्या प्रश्नासंबंधी जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

देवळात शिरताना प्रथम नंदीचे दर्शन व्हावे, तसे ह्या शहरात शिरताना बैलाचेच दर्शन होते. न्यू स्ट्रीट स्थानकाच्या विस्तीर्ण दालनात सुमारे तेहतीस फूट उंचीचा एक यांत्रिक वृषभ उभा आहे. २०२२ साली येथे राष्ट्रकुल क्रीडामहोत्सव भरला, त्याच्या प्रारंभसमारंभासाठी तो घडविण्यात आला. पुढे लोकांचे मत घेऊन त्याचे नाव ‘ऑझी’ असे ठेवण्यात आले आणि २०२३ साली तो स्थानकात आणून उभा केला. गावच्या बैलास ज्याचे नाव लोक आपखुशीने देतात, तो मनुष्य गावाचा किती जिवलग असला पाहिजे! हा ऑझी म्हणजे ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या मंडळीचा गायक ऑझी ऑस्बोर्न.

बर्मिंगहॅमला ‘हजार धंद्यांचे शहर’ असे म्हणतात. मॅथ्यू बोल्टन व जेम्स वॉट ह्यांनी १७७५ साली भागीदारी करून वाफेची यंत्रे जगास पुरविली, ती येथूनच. कोळसा व लोखंड वाहून नेण्यासाठी खणलेले कालवे अजून शहराच्या पोटातून वाहत आहेत. त्यांवर पूर्वी मालाचे पडाव चालत, आता हौशी लोकांच्या नौका चालतात. शहराच्या मध्यभागी ब्रॉड स्ट्रीट नावाचा गजबजलेला रस्ता अशाच एका कालव्यावरून जातो, आणि तेथील पुलास २०१९ सालापासून ‘ब्लॅक सॅबथ पूल’ असे नाव आहे. पुलावर एक लोखंडी बाक असून त्याच्या पाठीवर चार चेहरे कोरलेले आहेत: गायक ऑझी ऑस्बोर्न, गिटार वाजविणारा टोनी आयोमी, बास गिटार वाजविणारा गीझर बटलर आणि ड्रम वाजविणारा बिल वॉर्ड. आम्ही गेलो तेव्हा बाकाच्या पायांशी फुले होती. एक वृद्ध गृहस्थ वाळलेली फुले वेचून बाजूस करीत होते. त्यांच्याशी दोन शब्द बोललो, तेव्हा कळले की, ते तरुणपणी एका कारखान्यात धातूचे पत्रे कापण्याचे काम करीत. त्या चौघांनी पहिले सूर काढले त्या काळी ते ऐकले होते, आणि शेवटचेही ऐकले; मात्र शेवटचे रस्त्यात उभे राहून, मैदानाच्या भिंतीबाहेरून, कारण तिकीट परवडण्यासारखे नव्हते. ही गोष्ट त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितली नाही. आम्ही मात्र ती ध्यानात ठेविली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲस्टन भागात गेलो. न्यू स्ट्रीटहून आगगाडीने तेथे जावयास काही मिनिटेच लागतात. विटांच्या घरांच्या लांबच लांब चाळवजा रांगा, एका भिंतीस दोन बिऱ्हाडे टेकलेली. आज ह्या वस्तीत पाकिस्तान व बांगलादेश येथून आलेल्या कुटुंबांची घरे पुष्कळ आहेत, आणि दुकानांतून मसाल्यांचा ओळखीचा वास येतो. येथील लॉज रोडवरच्या एका लहानशा घरात ऑझी सहा भावंडांत वाढला. चौघेही १९४८–४९ साली जन्मलेले, चौघेही ह्याच परिसरातले. महायुद्धात बाँबने पडलेल्या घरांची मोकळी मैदाने हीच त्या पिढीच्या मुलांची क्रीडांगणे होती, आणि पुढे कारखाना हेच बहुतेकांचे ठरलेले भवितव्य. ऑझीने खाटीकखान्यात काम केले, मोटारींच्या भोंग्यांचे सूर तपासण्याचेही काम केले, आणि चोरी करून सहा आठवडे तुरुंगही पाहिला.

आयोमीची हकीकत तर ह्या शहराच्या लोखंडातूनच निघालेली आहे. सतरा वर्षांचा असता कारखान्यातील नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच. दुसरा कोणी असता तर त्याने गिटार खुंटीस टांगून ठेविली असती. ह्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा चढविल्या, आणि पुढे बोटांवरील ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल करून सूर खाली उतरविले. त्या उतरलेल्या पट्टीतून जो जड, काळोखा, घणाच्या घावासारखा नाद निघाला, त्यास पुढे जग ‘हेवी मेटल’ म्हणू लागले. १९६८ साली जमलेल्या ह्या मंडळीने एका भयपटावरून आपले नाव घेतले, आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. षड्ज-पंचमात वाढलेल्या आमच्या कानांस हा नाद मानवणारा नाही, हे सांगितलेच पाहिजे. तथापि ॲस्टनच्या रस्त्यात उभे राहिले असता तो नाद खोटा नाही, एवढे तेव्हाच पटते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १९७९ साली व्यसनांपायी ऑझीस मंडळीतून काढून टाकण्यात आले. पुढे १९८५ साली एका धर्मार्थ कार्यक्रमापुरते चौघे एकत्र आले. डिसेंबर १९९७ मध्ये बर्मिंगहॅमच्याच सीमेवर त्यांचे दोन मोठे जलसे झाले. २०११ साली पुनर्मीलनाची घोषणा झाली. परंतु कराराच्या अटी मान्य करण्याजोग्या नाहीत असे म्हणून बिल वॉर्ड बाजूस राहिला. मंडळी त्याच्यावाचून जगभर फिरली, आणि ४ फेब्रुवारी २०१७ रोजी ह्याच शहरात तिघांनी ‘शेवटचा’ म्हणून जलसा केला. ह्या निरोपात उणेपणा होता. प्रेक्षकसंख्या, रोषणाई, वाद्यांची तयारी, कशातच कमी नव्हते. तथापि चौपाई तीन पायांवर उभी होती. गावच्या बाकावर चेहरे चार आहेत, आणि निरोप मात्र तिघांनी घेतला.

ह्यानंतर आठ वर्षांनी ५ जुलै २०२५चा दिवस उजाडला. स्थळ व्हिला पार्क, म्हणजे ॲस्टनचे फुटबॉलचे क्रीडांगण. १८९७ सालापासूनचे हे मैदान लॉज रोडपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सामन्याच्या दिवशी तेथे येणाऱ्या लोकांच्या मोटारी राखून लहानपणी ऑझी चार पैसे मिळवीत असे. शेजारीच सतराव्या शतकात बांधलेला ॲस्टन हॉल हा सरदारी वाडा आहे. आम्ही गेलो तेव्हा मैदान बंद होते. बाहेरून विटांच्या उंच भिंती व पायऱ्या पाहिल्या. त्या दिवशी येथे चाळीस हजारांवर लोक जमले होते. दुपारपासून जगातल्या नामांकित मंडळ्या ह्या चौघांस मानवंदना देण्यासाठी वाजवून गेल्या होत्या. सायंकाळी ऑझी आला तो चालत नव्हे, तर एका काळ्या सिंहासनावर बसलेला. कंपवाताच्या जातीचा पार्किन्सन हा विकार त्यास झाला होता, हे त्याने २०२० सालीच जाहीर केले होते. आयोमी व वॉर्ड ७७ वर्षांचे, ऑझी ७६चा, बटलर ७५चा. चौघे एकत्र वाजवीत होते ते वीस वर्षांनी. त्यांनी चारच गीते सादर केली. उत्पन्न पार्किन्सनच्या संशोधनास, बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयास व मरणोन्मुख बालकांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेस देण्याचे ठरले होते. पुढे सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, ऑझी निवर्तला. ३० जुलै रोजी त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली व त्या पुलावरील बाकापाशी थांबली.

ह्यावर आक्षेपक म्हणेल की, मृत्यूने ह्या जलशास पावित्र्य आणिले. तो जगता तर आणखी दहा जलसे करता. असेल. परंतु त्या रात्री बसून गाणाऱ्या माणसाने आपले वय लपविले नाही, ही गोष्ट मृत्यूच्या आधीची आहे. आवाज फुटला तेथे फुटू दिला. वार्धक्य झाकून तारुण्याचे सोंग आणणे निराळे, आणि वार्धक्य सर्वांसमक्ष घेऊन येणे निराळे. पहिल्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे. दुसऱ्यात त्याच्यावर विश्वास आहे.

पैशाचा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. व्हिला पार्कचे सर्वांत स्वस्त तिकीटही दोनशे पौंडांच्या घरात होते. ज्या कामगारवस्तीने हा नाद जन्मास घातला, तिच्यातील वृद्ध मनुष्यास तो रस्त्यावरून ऐकावा लागावा, हे वैगुण्यच होय. हेतू धर्मार्थ असला तरी ते झाकले जात नाही. आदल्याच दिवशी, ४ जुलै रोजी, कार्डिफ येथे ‘ओअॅसिस’ ह्या मंडळीतील दोघे भाऊ सोळा वर्षांचे वैर बाजूस ठेवून एकत्र आले. त्यांची तिकिटे आदल्या वर्षी विक्रीस निघाली, तेव्हा तासन्‌तास रांगेत राहिलेल्या लोकांस दीडशे पौंडांच्या सुमाराचे तिकीट साडेतीनशेंवर गेलेले आढळले, आणि सरकारी चौकशीपर्यंत प्रकरण गेले. भावांचा समेट ही मंगल गोष्ट खरी. परंतु चाहत्याच्या आठवणीस तराजूत घालून तिचे मोल क्षणोक्षणी वाढविणे हे समेटास शोभणारे नव्हे.

दुसरे उदाहरण ह्याच प्रांतातले आहे. ‘लेड झेपलिन’चा गायक रॉबर्ट प्लँट हा जवळच्या वेस्ट ब्रॉमिच येथे जन्मलेला, आणि ड्रम वाजविणारा जॉन बॉनम रेडिचचा. १९८० साली बॉनम वारला व मंडळी मोडली. १९८५ साली पुरेशा तालमीवाचून त्यांनी एक कार्यक्रम केला. तो इतका फसला की, पुढे त्याचे चित्रण प्रसिद्ध करण्यास त्यांनीच नकार दिला. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये ते पुन्हा उभे राहिले. बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला होता. तिकिटांसाठी दोन कोटींवर मागण्या आल्याचे प्रसिद्ध झाले. जलसा उत्तम वठला, आणि जगभर दौऱ्याची अपेक्षा सुरू झाली. परंतु प्लँटने ती मान्य केली नाही. ॲलिसन क्रॉस ह्या गायिकेबरोबर त्याने नवे गाणे आरंभिले होते, तो त्याच वाटेने गेला. पित्याची जागा पुत्राने भरली, ऋण फिटले, पुरे झाले, हा त्याचा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

संस्कृत नाटकाच्या प्रारंभी नांदी असते आणि शेवटी भरतवाक्य. नाटकातील कथा संपली, नायकास इष्टप्राप्ती झाली, तरी भरतवाक्यावाचून नाटक पूर्ण होत नाही. त्यात नट आपल्या भूमिकेचा अभिमान बाजूस ठेवून राजा व प्रजा ह्यांचे कल्याण चिंतितो आणि पडद्याआड जातो. ते थोडक्यातच असते. भरतवाक्य म्हणून झाल्यावर नट पुन्हा पहिल्या अंकाचा आरंभ करू लागला, तर प्रेक्षक उठून जातील.

वृद्ध मंडळ्यांनी पुन्हा एकत्र यावे काय, ह्यास आमचे उत्तर ह्या दाखल्यातच आहे. तारुण्याचा अंक पुन्हा खेळण्यासाठी यावयाचे असेल तर येऊ नये. ते आरूढपतित होणेच आहे. परंतु भरतवाक्य म्हणावयाचे राहिले असेल, कोणी सहकारी दाराबाहेर तिष्ठत राहिला असेल, ज्या गावाने वाढविले त्याचे देणे फेडावयाचे असेल, तर अवश्य यावे. काठी टेकीत यावे, सिंहासनावर बसून यावे. केवळ एवढे पाहावे की, गावाची दारे गावकऱ्यास उघडी राहतील, आणि म्हणावयाचे ते एकदाच म्हटले जाईल.