बोअर्स हिलचा चढ

ऑक्सफर्डहून अ‍ॅबिंग्डनला थेट रस्ता आहे. पण बोअर्स हिलवरून जायचे, हा माझा हट्ट. भाच्याची एम.जी.बी. १९७२ सालची. तिचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तरी माहेर ते माहेरच!

गाडी मी चालवीत होतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढला, काटा वर चढला. गाडी मात्र रेंगाळली. क्लच घसरत होता.

"इंजिन उतरवावे लागेल," गॅरेजवाले म्हातारबुवा म्हणाले. या गाडीचा क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेला!

"नुसती प्लेट बदलली तर?" भाच्याने काटकसर सुचवली.

म्हातारबुवा हसले. खरा खर्च मजुरीचा. इंजिन एकदा उतरवलेच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदलावीत. नाहीतर उरलेल्या जुन्या भागासाठी पुन्हा इंजिन उतरवायची पाळी!

चार दिवसांनी त्यांनी जुने बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवले. कार्बनचे ते कडे पार झिजले होते. "कुणीतरी पेडलवर पाय टेकवून गाडी चालवते."

भाचा गप्प. मुंबईच्या गर्दीत जडलेली ती सवय माझी! क्लच आधीच थकलेला असेल. पण तीन आठवडे मी त्याला विसावा दिला नव्हता. मी गुन्हा कबूल करून पाकीट काढले.

"मामा, राहू द्या हो!"

"नाही रे. निम्मे तरी माझे."

रविवारी तोच चढ गाडी हसतखेळत चढली. माझा डावा पाय शहाण्या मुलासारखा बाजूला बसून होता.